भाकरीत न दिसणारं



या व्याख्यानमालेची पत्रिका छापायला गेली त्या दिवशी इथल्या एका कार्यकर्त्याचा फोन आला. म्हणाले, "बाई, विषय पोषक पिकांचा ठेवलाय खरा, पण कांदिवलीत पीक कुठलं येणार? इथे टॉवर येतात." प्रश्न खोचक होता आणि रास्तही. डहाणूकरवाडी, इराणीवाडी या नावांतल्या वाड्या आता पत्त्यापुरत्या उरल्या आहेत. पोयसर नदीला नदी म्हणायला जीभ रेटत नाही. तरी शेती अगदीच संपलेली नाही. लोकलच्या दारात उभं राहिलं की रुळांच्या कडेने पालक, लाल माठ, भेंडी यांचे वाफे अजून कुठेकुठे दिसतात. 'ग्रो मोअर फूड' योजनेखाली रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना लावायला दिलेल्या त्या पट्ट्या. पाणी बहुतेक ठिकाणी शेजारच्या नाल्याचं. सांडपाण्यावरच्या पालेभाजीत शिसं, कॅडमियम उतरू शकतं, त्यामुळे त्या भाजीची शिफारस मी करणार नाही. पण कांदिवलीत काय उगवतं हा माझा आजचा विषय नाहीच. दामूनगरच्या, गणेशनगरच्या, लालजीपाड्याच्या घरात जे शिजतं ते कुठेतरी उगवतं. तिथे काय पेरायचं हे कोण ठरवतं, आणि ते ठरवताना या घरांचा विचार कोणी करतं का, एवढंच मला बोलायचं आहे.

आकडे थोडक्यात सांगते, कारण आकड्यांनी सभेला झोप येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी निघाल्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हेच प्रमाण 68.9 टक्के. त्याआधी 2016-18 मध्ये देशभर मुलांचं रक्त तपासून एक मोठी पाहणी झाली होती. तीत किशोरवयीन मुलामुलींपैकी 37 टक्क्यांमध्ये फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व कमी आढळलं आणि 31 टक्क्यांमध्ये बी-12. पोट भरलेलं आहे आणि रक्त रिकामं आहे, असं हे दुखणं आहे. उपाशी माणूस ओळखू येतो. फोलेट कमी असलेली बाई ओळखू येत नाही. ती कामाला जाते, नळावर भांडते, पोरांना शाळेत सोडते, आणि दुपारी जिना चढताना मध्येच थांबते. आपण म्हणतो, वय झालं. तिचं वय असतं सव्वीस.

या फोलेटची कथा आपल्या मुंबईतली आहे, आणि मुंबईकरांना ती फारशी माहीत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. 1928 साली लुसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. बाळंतपणात बायका का दगावतात याची चौकशी चालू होती, आणि तिच्याकडे काम आलं गरोदरपणातल्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचं. गिरणगावातल्या गरीब बायका त्याने पटापट जात. विल्सने आधी जंतू शोधले, ते मिळाले नाहीत. मग ती बायकांच्या ताटाकडे वळली. कोण काय खातं, किती खातं, याची तिने नोंद ठेवली. ज्या घरांत भाजी, फळं आणि प्रथिनं सर्वांत कमी, त्या घरांतल्या बायका जास्त आजारी, हे तिला दिसलं. मग उंदीर, मग माकडं. गरीब बायकांचं जेवण माकडांना घातलं तर माकडंही रक्तक्षयी झाली. काळिजाचा अर्क द्यावा तर तो महाग. शेवटी तिने दारूच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टपासून बनणारं मार्माइट नावाचं काळं, खारट, चिकट असं काहीतरी देऊन पाहिलं, आणि माकड सुधारलं. नंतर बायकाही सुधारल्या. 1931 साली तिने हे प्रसिद्ध केलं. तेव्हा त्या द्रव्याला नाव नव्हतं, डॉक्टर लोक 'विल्स घटक' म्हणायचे. पुढे 1941 मध्ये अमेरिकेत काही टन पालक उकळून, गाळून तेच द्रव्य पानांतून वेगळं काढण्यात आलं. आणि 1945 च्या सुमारास ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आज आरोग्यसेविका गरोदर बाईच्या हातात लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिडची जी गोळी ठेवते, तिचा उगम परळला आहे.

या कथेत मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. विल्सच्या शोधातून उपाय निघाला तो गोळीचा. पण तिने शोधलेलं कारण ताटातलं होतं. गेली नव्वद वर्षं आपण उपायाच्या मागे गेलो आणि कारण गिरणगावातून उचलून दामूनगरात आणून ठेवलं.

ताटाकडे परत वळणारं मोठं काम पुण्याजवळ झालं. 1993 पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचं खाणं नोंदवलं आणि त्यांची बाळं तोलली, मापली. शोभा राव यांनी ते आकडे मांडले तेव्हा एक गोष्ट उठून दिसली. बाळाचं आकारमान बाईने एकूण किती खाल्लं यापेक्षा ती हिरवी पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खात होती याच्याशी जास्त जुळत होतं. शेतात राबणारी, ज्वारी-बाजरी खाणारी, पोटभर जेवणारी बाई, आणि तरी बाळ पावणेतीन किलोच्या आत. ज्या घरात मेथी, चाकवत, चवळीचा पाला वरचेवर शिजत होता तिथे बाळ थोडं भरलेलं.

ते पाहून मग मुंबईत कोणीतरी विचारलं की हे शहरातल्या वस्तीत करून पाहता येईल का. सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेने 2006 ते 2012 या काळात, डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने, मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक प्रयोग केला. 'सरस' या नावाने तो ओळखला जातो. साडेसहा हजार बायका. त्या गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांना रोज एक खाऊ द्यायचा आणि तो केंद्रावर, समोर बसून खायला लावायचा. घरी नेला की तो पोरांच्या तोंडात जातो, हे कोणत्याही आईला सांगायला नको. निम्म्या बायकांच्या खाऊत पालेभाज्या, फळं, दूध. उरलेल्या निम्म्यांच्या खाऊत बटाटा, कांदा असलं काहीतरी. दिसायला दोन्ही सारखे, समोसा-कटलेटच्या जातीचे. म्हणजे रस्त्यावर मिळतं तसंच, फक्त आतलं वेगळं.

निकाल काय? सरसकट सगळ्या बायका धरल्या तर बाळाच्या वजनात सांगण्यासारखा फरक नाही. गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधी ज्यांनी खाऊ सुरू केला, त्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरली. त्यातही ज्या मुळात अंगाने सर्वांत भरलेल्या होत्या, त्या वरच्या एक-तृतीयांश बायकांना 96 ग्रॅम. अगदी बारीक अंगाच्या बायकांना वजनाचा फायदा झालाच नाही. ज्यांना सर्वांत गरज, त्यांच्याच पदरात काही नाही. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. पण याच प्रयोगात आणखी एक गोष्ट सापडली, जी शोधायला कोणी निघालंच नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. गरोदरपणातला मधुमेह बटाट्याच्या गटात 12.4 टक्के बायकांना झाला, पालेभाजीच्या गटात 7.3 टक्के. मधुमेहाच्या या शहरात याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग बायकांना सांगा पालेभाजी खा म्हणून. सांगून झालं, सगळ्यांना पाठ आहे. मी एखाद्या वस्तीत आहाराचं बोलायला बसले की पुढच्या रांगेतली बाई माझं वाक्य माझ्याआधी पुरं करते. अडचण माहितीची नाही. मेथीची जुडी घ्या. ती निवडायला अर्धा तास. धुवायला तीन पाणी, आणि पाणी येतं पहाटे तासभर. कढईत टाकली की मूठभर होते. पाच माणसांना बटाट्याची रस्साभाजी त्याच पैशांत दोन वेळा पुरते. कामावरून साडेआठला परतलेल्या बाईने हा हिशेब केला आणि बटाटा घेतला, तर ती अडाणी नाही, ती चोख गणित करते आहे. तिला उपदेश करण्याआधी तिचं गणित बदलावं लागेल.

इथे पिकाचा प्रश्न येतो. बाईची सवय, वेळ, पाणी, पैसा काहीही न बदलता तिच्या रोजच्याच घासात जास्त पोषण आणता येईल का? बियाण्यातच ते भरता येईल का? जगभर गेली वीस-पंचवीस वर्षं हा प्रयत्न चालू आहे. सोनेरी तांदळाबद्दल तुम्ही वाचलं असेल. 2000 साली स्वित्झर्लंड-जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी भाताच्या दाण्यात अ जीवनसत्त्वाचं पूर्वद्रव्य तयार करून दाखवलं. 2021 मध्ये फिलिपिन्सने त्याच्या लागवडीला परवानगी दिली आणि 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने ती रोखली. त्या वादात मी शिरत नाही. आपल्याकडे झालेलं काम साध्या निवडपद्धतीने झालेलं आहे आणि त्याबद्दल मात्र आपण फारच कमी बोलतो.

बाजरीचं बघा. 'धनशक्ती' हे वाण 2012 मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालं. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून ते केलं. त्याची वंशावळ मोठी गमतीची आहे. आयसीटीपी 8203 नावाचं एक वाण 1988 पासून आपल्याकडे होतं आणि ते आलं होतं पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या बाजरीपासून. बाजरीचं माहेरच मुळी आफ्रिकेचं. त्या जुन्या वाणातल्या लोहाने जास्त भरलेल्या ओळी वेगळ्या काढून धनशक्ती तयार झालं. किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह, उत्पन्नही मूळ वाणापेक्षा थोडं जास्त, आणि अडीच महिन्यांत काढणी. मुख्य म्हणजे ते संकरित नाही. शेतकऱ्याला घरचं बियाणं राखून पुढच्या वर्षी पेरता येतं.

फोलेट, बी-12 वरून मी लोहावर आले; लोह हे जीवनसत्त्व नव्हे, खनिज, हे मला ठाऊक आहे. समोर आहारशास्त्राच्या विद्यार्थिनी बसल्या आहेत, त्या माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत. पण रक्तक्षयात लोह, फोलेट, बी-12 हे एकाच घरातले तिघं. एकाला सोडून दुसऱ्याबद्दल बोलता येत नाही.

या बाजरीचा खरोखर उपयोग होतो का, याची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. बारा ते सोळा वर्षांची 246 शाळकरी मुलं. काहींना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी, काहींना नेहमीच्या बाजरीची. दोन्हींची चव, रंग, वास सारखा. सहा महिन्यांनी ज्यांच्यात सुरुवातीला लोह कमी होतं, त्यांच्यापैकी लोहाच्या बाजरीवाल्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता 1.64 पट जास्त दिसली. पुढे त्यातल्याच मुलांच्या लक्ष देण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्या घेतल्या गेल्या, तिथेही फरक दिसला. गोळी नाही, इंजेक्शन नाही. फक्त भाकरी.

फक्त कौतुक करून मला थांबता येणार नाही. मुंबईच्याच वस्त्यांमध्ये बारा ते अठरा महिन्यांच्या लेकरांना जस्त आणि लोह जास्त असलेल्या बाजरीचे पदार्थ नऊ महिने भरवून पाहिले गेले. एकूण गटात लोहाची स्थिती आणि वाढ यांत अपेक्षित फरक पडला नाही. माझा अंदाज सांगते. त्या वयाचं मूल एका वेळी खातं किती? चार घास. त्यात जुलाब, खोकला, ताप यांची रांग लागलेली. वस्तीतलं पाणी आणि गटार सुधारल्याशिवाय त्या चार घासांवर सगळा भार टाकणं अन्यायाचं आहे.

बाजरीचे स्वतःचे लोचेही आहेत. तिच्यात फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं. भाकरीसोबत लिंबू पिळलेलं काही खाल्लं तर लोह जरा मोकळं होतं, लगेच चहा घेतला तर पुन्हा अडतं. दुसरं, बाजरीच्या पिठात तेल जास्त. दळल्यावर आठवड्याभरात पीठ कडवट लागायला लागतं. म्हणून मॉलमध्ये बाजरीच्या पिठाचा पुडा महिनाभर ठेवायचा तर त्यावर प्रक्रिया करावी लागते आणि भाव चढतो. वस्तीतली बाई मात्र हे जाणते. पोयसरच्या चक्कीवर संध्याकाळी उभे राहा, नगर-बीडकडच्या, माण-खटावकडच्या बायका दीड-दोन किलोच्या पिशव्या घेऊन येतात. तितकंच दळतात, चार दिवसांत संपवतात. चक्कीवाला आधीच्या गव्हाचं पीठ झटकल्याशिवाय बाजरी टाकू लागला की त्याला ऐकवतात. त्याच चक्कीवर पलीकडच्या इमारतीतल्या गुजराती घराची बाजरी येते, रोटल्यासाठी. कांदिवलीत बाजरी गरिबाची आहे आणि श्रीमंताचीही. उन्हाळ्यात मात्र दोन्ही घरांत ती मागे पडते, कारण ती उष्ण, आणि गरोदर बाईला तर सासू खाऊच देत नाही. भोगीला तीळ लावून सगळ्यांनी खायची ती वेगळी.

पण त्या पिशवीत धनशक्ती आहे की साधी संकरित बाजरी, हे चक्कीवाल्याला कळत नाही, बाईला कळत नाही, वाण्याला कळत नाही. लोह दिसत नाही. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

बाजारात भाव मिळतो तो दिसणाऱ्या गोष्टीला. दाणा टपोरा, रंग राखाडी-हिरवा, कचरा कमी. शेतकरी संकरित बियाणं पेरतो, कारण उतारा जास्त आणि कडबाही जास्त. त्याने धनशक्ती पेरली तर अडत्या त्याला एक पैसाही जास्त देत नाही. गेल्या खरिपाला, 2025-26 साली, बाजरीचा हमीभाव क्विंटलला 2,775 रुपये होता. त्यात लोहाचा उल्लेख नाही. 2018 मध्ये राष्ट्रीय पातळीवर एक चांगला निर्णय झाला, की बाजरीच्या नव्या वाणाला मान्यता हवी तर किमान 42 पीपीएम, म्हणजे किलोमागे 42 मिलिग्रॅम, लोह आणि 32 पीपीएम जस्त असलंच पाहिजे. याला मी मोठा निर्णय मानते, कारण यात शेतकऱ्याच्या सदिच्छेवर काही सोडलेलं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रातून आलेलं एएचबी 1200 हे संकरित वाणही याच रांगेतलं. परभणीची ज्वारी 'परभणी शक्ती', पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 4028 हा गहू, जस्त 40 आणि लोह 46 पीपीएमचा. शास्त्रज्ञांनी त्यांचं काम केलं आहे. बी तयार आहे. ते गोणीत भरलं की मात्र ओळख हरवतं.

याच्या उलट उदाहरण रताळ्याचं. मोझांबिक, युगांडा या देशांत नारिंगी गराचं रताळं अ जीवनसत्त्वासाठी लोकांपर्यंत पोचलं. त्यासाठी झटणाऱ्या तिघांना आणि हार्वेस्टप्लस या कार्यक्रमाच्या हॉवर्थ बुईस यांना 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथे पोषण डोळ्यांना दिसत होतं. नारिंगी म्हणजे चांगलं, हे आईला एकदा सांगितलं की बाजारात ती स्वतः निवडत होती. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संस्थेने 'भू सोना' नावाचं नारिंगी रताळं काढलं आहे, शंभर ग्रॅममागे 14 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन. मला नेहमी वाटतं, महाराष्ट्रात या रताळ्याची जाहिरात कृषी खात्याने करू नये, पंचांगाने करावी. आषाढी एकादशी आणि महाशिवरात्र या दोन दिवशी आख्खा महाराष्ट्र रताळं खातो. वर साजूक तूप घातलं की ते जीवनसत्त्व शोषलंही जातं.

तांदळाची गोष्ट तर अगदी ताजी आहे. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि 2024 पर्यंत रेशनवर पोषणयुक्त तांदूळ आला. तांदळाच्या पिठातच लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 मिसळून दाण्याच्या आकाराचे कण करायचे आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळायचे. इथे पोषण दिसलं. आणि काय झालं? सुपात तांदूळ घेऊन बसलेली बाई तो जरा पिवळसर, जरा वेगळा दाणा बोटाने टिपून बाजूला काढू लागली. प्लास्टिकचा तांदूळ म्हणून. भिजवला की तो तरंगायचा, मग खात्रीच पटायची. सरकारने पैसे खर्चून घातलेलं औषध असं घरोघरी निवडून कचऱ्यात गेलं. रेशन दुकानाच्या भिंतीवर चार ओळींचा फलक लावला असता तर भागलं असतं. त्या बाईलाच दोष देणारे साहेब मला भेटलेत, म्हणून सांगते. खडे, किडे आणि भेसळ निवडण्यात जिचं आयुष्य गेलं, ती अनोळखी दाणा निवडून टाकणारच.

आता एक कडू गोळी. बी-12 कुठल्याही पिकात नाही. बाजरीत नाही, शेवग्याच्या पानात नाही, कितीही संशोधन करा, झाडाला ते तयार करता येत नाही. ते येतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून. याज्ञिकांच्या पुण्याच्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-12 कमी निघालं. पुढे त्यांनी असंही दाखवलं की ज्या आईत फोलेट भरपूर आणि बी-12 कमी, तिची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देणारी निघतात, म्हणजे पुढच्या मधुमेहाची बीजं तिथेच. लुसी विल्सचा घटक एकटा दिला तर पुरत नाही, जोडीला दुसराही लागतो. गरिबाच्या घरी हा दुसरा येतो तो सुकट, जवळा, बोंबील यांतून किंवा अंड्यातून. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी काढून घेतला. अंड्यावर कोणाचा काय आक्षेप, यावर इथे सभा दोन तट पडून भांडेल, म्हणून मी पुढे जाते. पण अंड्याच्या नकाराचा खर्च पोरगं भरतं, एवढं म्हणते.

रानभाज्यांबद्दल दोन शब्द, कारण त्यांची सध्या फार हवा आहे. पावसाळा सुरू झाला की बोरिवली-कांदिवलीच्या स्टेशनबाहेर पालघर, डहाणू, जव्हारकडच्या बायका टाकळा, कुर्डू, शेवळं, करटोली, भारंगी घेऊन बसतात. राष्ट्रीय उद्यानाच्या पाड्यांतल्या वारली बायकाही असतात. कृषी खातं महोत्सव भरवतं, वर्तमानपत्रं पाककृती छापतात. छान आहे. पण करटोलीचा भाव चढला की ती तोडणारी बाई स्वतः करटोली खाते का? ती विकते आणि परतीच्या लोकलमध्ये बटाटे, बिस्किटं घेऊन चढते. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा आजूबाजूच्या रानात भाज्या नव्हत्या असं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं मला म्हणूनच जास्त अप्रूप वाटतं. त्यांनी देशी वाणांचं बियाणं राखलं, घराभोवतीच्या परसबागेत लावलं आणि गावातल्या बायकांना लावायला दिलं. ते आधी घरात खाल्लं जातं, मग उरलं तर विकलं जातं. क्रम महत्त्वाचा आहे.

कांदिवलीच्या चाळीला परस नसतं. पण शेवगा एका ड्रमातही येतो आणि महापालिकेच्या उद्यानाच्या कुंपणालाही. शेवग्याच्या शंभर ग्रॅम पानांत बीटा-कॅरोटीन सतरा हजार मायक्रोग्रॅमच्या वर, पालकात अडीच हजारांच्या आसपास. आपण शेंगा खातो आणि पानं झाडून टाकतो. मूठभर पानं डाळीत टाकली, वर फोडणीचं तेल असलंच, की काम झालं. निवडायला वेळ नाही, तीन पाणी नाही, पैसे नाहीत. एखाद्या सोसायटीने गेटापाशी एक झाड लावून 'पानं तोडा' अशी पाटी लावली तर मला कळवा, मी बघायला येईन.

पण मोठा प्रश्न झाडांनी सुटणार नाही, तो खरेदीने सुटेल. न दिसणाऱ्या पोषणाला बाजार भाव देणार नाही, आणि गरीब बाई ते ओळखून मागू शकणार नाही. मग ते तिच्या वतीने ओळखून विकत घेणारं एकच मोठं गिऱ्हाईक उरतं, ते म्हणजे सरकार. अंगणवाडीचा पोषण आहार, शाळेची खिचडी, रेशन, महापालिकेच्या रुग्णालयांची स्वयंपाकघरं. यांच्या निविदेत 'बाजरी' असा एक शब्द लिहिण्याऐवजी 'किमान इतक्या लोहाची बाजरी, अमुक वाण, प्रयोगशाळेच्या दाखल्यासह' असं लिहिलं, आणि त्यासाठी क्विंटलमागे शंभर-दोनशे रुपये जास्त दिले, तर अडत्या दुसऱ्या दिवसापासून ती वेगळी गोणी ठेवायला लागेल. शेतकरी ते वाण पेरेल. बियाणे कंपनी ते बनवेल. दाणा दिसायला तसाच राहील, पण त्याला पट्टी लागलेली असेल.

हे इथे बसून आपण करू शकतो का? काही प्रमाणात करू शकतो. या भागातल्या अंगणवाड्यांना कोरडा शिधा कोण पुरवतं, त्याची निविदा कधी निघते, तीत धान्याचं वाण लिहिलेलं असतं का, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला पुढच्या वेळी रस्त्याच्या खड्ड्याबरोबर हेही विचारता येतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट. खरिपाची बाजरी जून-जुलैत पेरली जाते आणि दिवाळीच्या आत काढली जाते. बियाण्याची मागणी त्याआधी नोंदवावी लागते. आज वैशाख संपत आला आहे. यंदाचं पीक हातचं गेलं असं समजा. अर्ज लिहायचा तो पुढच्या खरिपासाठी, आणि तो पुढच्या फेब्रुवारीच्या आत संबंधित कार्यालयात पोचला पाहिजे. अर्जाचा एक नमुना मी टेबलावर ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी न्यावा, आणि आता प्रश्न विचारावेत.